डॉ. रॉबर्ट बारानी : भोवळीचे मूळ कानात शोधणारा संशोधक

पहाटे जाग येते, अंथरुणात कूस बदलली जाते आणि क्षणार्धात डोक्यावरचे छत, भिंतीवरचे घड्याळ, खिडकी असे सारेच गरगर फिरू लागते. पलंगाची कड घट्ट धरून डोळे मिटले तरी फिरणे थांबत नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटात सारे जागच्या जागी येते. मात्र पोटात ढवळत राहते आणि मनात भीती बसते ती बसतेच. साताऱ्याच्या शाहूपुरीत असो वा सांगलीच्या विश्रामबागेत, पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी घरांत हा प्रसंग घडलेला असतो. मग घरातली वडीलधारी मंडळी पित्ताचे निदान करून मोरावळ्याची बरणी पुढे करतात, शेजारी रक्तदाब तपासून घेण्याचा सल्ला देतात आणि कुणी तरी मानेचा मणका झिजल्याचे सांगून गळ्यात पट्टा घालायला लावतो. कानाचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. कान दुखत नसतो, वाहत नसतो, ऐकूही नीट येत असते.

या प्रकाराची खूण वैद्यकाच्या नोंदीत ज्यांनी नेमकेपणाने उतरवली, ते डॉ. रॉबर्ट बारानी यांचे नाव कान-नाक-घसा तज्ज्ञांना तोंडपाठ असते. सामान्य वाचकाला ते क्वचितच ठाऊक असते. नोबेल पुरस्काराची बातमी युद्धकैद्यांच्या छावणीत ऐकलेल्या या माणसाचे आयुष्य एखाद्या कादंबरीला शोभावे असे आहे.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मूळचे हंगेरीतील. ते एका जमीनदारीचे व्यवस्थापन पाहत. आईचे घराणे प्रागमधील विद्याव्यासंगी. सहा भावंडांत रॉबर्ट थोरले. लहानपणीच त्यांना हाडांचा क्षय झाला आणि त्यातून उठले तेव्हा एक गुडघा कायमचा ताठ झालेला होता. क्षयावर औषध नसलेला तो काळ. या आजारपणातच वैद्यकाची ओढ लागली असे त्यांचे चरित्रकार मानतात. विशेष म्हणजे ताठ गुडघा घेऊन हा माणूस पुढे आयुष्यभर डोंगर चढत राहिला आणि टेनिसही खेळत राहिला. शरीराचा तोल म्हणजे काय, याचा विचार त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नसावा.

१९०० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी जर्मनीत वैद्यक व मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतले, परत येऊन शस्त्रक्रियेचे धडे गिरवले आणि १९०३ मध्ये अ‍ॅडम पोलिट्झर यांच्या कर्णरोग विभागात ते रुजू झाले. पोलिट्झर हे त्या काळी कानाच्या वैद्यकातील सर्वांत मोठे नाव होते. याच सुमारास सांगली-मिरजेच्या परिसरातही आधुनिक वैद्यक मूळ धरत होते. १८८९ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले होते आणि लांबलांबचे रुग्ण बैलगाड्यांतून तेथे येऊ लागले होते. व्हिएन्ना काय किंवा मिरज काय, प्रतिजैविके अजून कुठेच नव्हती. कान फुटणे हा आज किरकोळ वाटणारा आजार त्या काळी जीव घेत असे. मधल्या कानातला पू आतल्या कानात व तेथून मेंदूपर्यंत पोहोचला की फारसे काही हाती उरत नसे. आतला कान शाबूत आहे की निकामी झाला, हे शस्त्रक्रियेपूर्वी कळणे म्हणूनच जीवन-मरणाचा प्रश्न होता. आणि ते कळण्याचा खात्रीचा मार्ग उपलब्ध नव्हता.

भोवळ कानामुळे येऊ शकते, ही कल्पना बारानी यांची नव्हे, हे नमूद केले पाहिजे. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनियर यांनी १८६१ मध्येच ते मांडले होते. तोवर भोवळ म्हणजे मेंदूचा विकार असाच समज होता. त्याआधी फ्लुरेन्स यांनी कबुतरांच्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या होत्या आणि कबुतरे भेलकांडत गोल फिरू लागली होती. १८७० च्या दशकात ब्रॉयर आणि माख यांनी या नलिकांमधील द्रवाच्या हालचालीतून डोके फिरल्याचे ज्ञान होते, असा सिद्धांत मांडला. प्रत्येक कानात अशा तीन नलिका, परस्परांशी काटकोनात, आणि सर्व द्रवाने भरलेल्या. डोके वळले की द्रव क्षणभर मागे राहतो, नलिकेच्या फुगीर टोकातील नाजूक पडदा वाकतो आणि मेंदूला बातमी जाते. पाण्याने भरलेली कळशी झटकन फिरवली तर आतले पाणी लगेच फिरत नाही, तसेच हे. सिद्धांत होता, पण रुग्णाच्या कानाशी त्याची गाठ घालून देणारा दुवा नव्हता.

तो दुवा बारानी यांना अगदी साध्या कामात सापडला. कान वाहणाऱ्या रुग्णांचे कान पाण्याच्या पिचकारीने धुणे हे विभागातील तरुण डॉक्टरांचे रोजचे काम. पाणी सोडताच काही रुग्ण गरगरत असल्याची तक्रार करीत. अनेक डॉक्टरांनी ती ऐकली असेल आणि सोडून दिली असेल. बारानी यांनी अशा रुग्णांच्या डोळ्यांकडे पाहिले. बुबुळे एका बाजूला सावकाश सरकत आणि झटक्याने परत येत. ही हालचाल लयीत चालू राही. वैद्यकात तिला निस्टॅगमस म्हणतात. पाणी फार गार असल्याने असे होते, हे ध्यानात आल्यावर पुढच्या वेळी पाणी गरम केले गेले, तर ते जरा जास्तच गरम झाले. भोवळ पुन्हा आली. मात्र बुबुळांचे झटके या वेळी उलट दिशेने होते. शरीराइतक्या कोमट पाण्याने तर काहीच होत नव्हते.

साताऱ्या-सांगलीच्या जुन्या वाड्यांतून तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे स्पष्टीकरण समजायला अवघड जाऊ नये. बंबातले पाणी तापले की वर चढते आणि गार पाणी खाली बसते. कानात गार पाणी गेले की आतल्या नलिकेची बाहेरच्या अंगाची बाजू थंड होते, तेथला द्रव जड होऊन खाली सरकतो. गरम पाण्याने तोच द्रव हलका होऊन वर जातो. डोके तसूभरही हललेले नसते, पण द्रव हलतो, पडदा वाकतो आणि मेंदूची फसगत होते. बारानी यांनी याची पुढची कसोटीही घेतली. कारण हेच असेल, तर डोक्याची स्थिती उलटी केली असता बुबुळांची दिशाही उलटली पाहिजे. ती उलटली. १९०६ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले आणि एका पिचकारीच्या साह्याने डावा व उजवा कान वेगवेगळा तपासता येऊ लागला. पाणी सोडूनही बुबुळे स्थिर राहिली, तर त्या बाजूचा आतला कान निकामी झाला असे समजता येऊ लागले.

या स्पष्टीकरणाला १९८३ मध्ये एक अनपेक्षित धक्का बसला. स्पेसलॅब-१ या अंतराळ मोहिमेत, जेथे जड-हलके हा भेदच उरत नाही, तेथेही कान तापवताच अंतराळवीरांच्या बुबुळांची हालचाल झाली. म्हणजे बंबाचे तत्त्व खरे असले तरी सारे काही त्याने उलगडत नाही. चाचणी मात्र आजही तीच आहे. मेंदूमृत्यूची खातरजमा करतानाही कानात बर्फाळ पाणी सोडून डोळे हलतात का, हे पाहिले जाते.

त्यानंतरची काही वर्षे बारानी यांनी झपाट्याने काम केले. रुग्णाला खुर्चीत बसवून वीस सेकंदांत दहा फेरे द्यायचे आणि खुर्ची एकदम थांबवून डोळे पाहायचे, ही त्यांची पद्धत रूढ झाली. ती खुर्ची आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि वैमानिकांना दिशाभ्रमाची ओळख करून देण्यासाठी वापरली जाते. एका कानाशी खडखडाट करून दुसऱ्या कानाचा बहिरेपणा तपासण्याचे छोटे उपकरणही त्यांचेच. १९०९ मध्ये ते विद्यापीठात अध्यापक झाले, त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघेही पुढे वैद्यकाच्याच वाटेने गेले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. गुडघ्यामुळे सैन्यात जाण्याची सक्ती त्यांच्यावर होण्याची शक्यता नव्हती. तरीही ते स्वेच्छेने ऑस्ट्रियाच्या सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाले आणि प्रेझेमिस्लच्या किल्ल्यात त्यांची नेमणूक झाली. याच महायुद्धात सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातून शेकडो मैल दूरच्या आघाड्यांवर जवान गेले आणि त्यातले अनेक परतले नाहीत. त्यांची स्मृतिशिला गावात आहे. बारानी दुसऱ्या बाजूला होते. वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यात डोक्याला गोळी लागलेले सैनिक त्यांच्यापुढे येत. अशा जखमा उघड्या ठेवण्याचा रिवाज असताना, स्वच्छ करून त्या लगेच शिवल्यास मेंदूत पू होणे टळते, असा अनुभव त्यांनी नोंदवला. मार्च १९१५ मध्ये किल्ला पडला आणि बारानी रशियनांचे कैदी झाले.

त्यांची रवानगी मध्य आशियातील मर्व्ह येथे झाली. हे ठिकाण आज तुर्कमेनिस्तानात आहे. तेथे त्यांना हिवतापाने गाठले. पण छावणीतील कैदी आणि गावातील रहिवासी या दोघांच्याही कान-नाक-घशाच्या उपचारांची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि त्यांचा हातगुण असा, की नगरप्रमुखाच्या घरी त्यांना जेवणाची आमंत्रणे येऊ लागली. अशात बातमी आली, की १९१४ चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार त्यांना जाहीर झाला आहे. आतल्या कानाच्या संतुलन यंत्रणेवरील कार्यासाठी तो होता. पुरस्काराचा मानकरी रणभूमीपासून दूर, परक्या देशात कैदेत होता. अखेर स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीने झारकडे रदबदली केली आणि १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये त्यांनी पुरस्कार स्वीकारला.

घरी परतल्यावर सन्मान वाट्याला यावा, तर घडले भलतेच. व्हिएन्नातील सहकाऱ्यांनी त्यांच्यावर आरोप केला, की पूर्वसुरींच्या कामाचे श्रेय त्यांनी आपल्या लेखनात पुरेसे दिले नाही. ब्रॉयर, माख यांच्या खांद्यावर बारानी उभे होते, यात शंका नाही. कान धुताना येणारी भोवळही त्यांच्या आधी इतरांनी पाहिली होती. परंतु पाहिलेल्या गोष्टीला कारण देणे आणि त्या कारणातून तपासणीचे हत्यार घडवणे, हे काम त्यांचेच होते. तक्रारीत तथ्याइतकाच मत्सरही असावा असे वाटते. व्हिएन्ना विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. १९१७ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे निमंत्रण त्यांनी स्वीकारले आणि मायभूमी सोडली ती कायमची.

उप्सालातच १९२१ मध्ये त्यांनी एका सत्तावीस वर्षांच्या स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. दोन आठवड्यांपासून तिला भोवळीचे झटके येत होते. उजव्या कुशीवर झोपले की झटका येतो, एरवी नाही, हे प्रथम त्यांचे साहाय्यक डॉ. कार्लेफोर्स यांच्या लक्षात आले. तिला उताणे झोपवून डोके उजवीकडे वळवले की बुबुळे चक्राकार फिरू लागत, मळमळ होई आणि सुमारे तीस सेकंदांत सारे शांत होई. लगेच पुन्हा डोके वळवले तर काहीच होत नसे. काही वेळ उताणे किंवा डाव्या कुशीवर पडून राहिल्यावरच पुन्हा झटका येई. आज जगभरातील डॉक्टर ज्याला बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याच्या विशिष्ट स्थितीत येणारी सौम्य भोवळ म्हणतात, तिची जवळजवळ सर्व लक्षणे या एका टिपणात आहेत.

कारण मात्र त्यांच्या हातून निसटले. नलिकांच्या मुळाशी एक पिशवी असते आणि तिच्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक चिकटलेले असतात. गुरुत्वाकर्षणाची जाणीव त्यांच्यामुळे होते. भोवळ हालचालीने नव्हे तर स्थितीने येते, तेव्हा दोष या पिशवीतच असला पाहिजे, असा निष्कर्ष बारानी यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता. स्फटिक त्या पिशवीतले खरे. पण ते तेथून सुटतात आणि शेजारच्या नलिकेत जाऊन पडतात. कृष्णेच्या पात्रातली वाळू जशी डोहात जाऊन साठते, तसे हे कण सर्वांत खालच्या, मागच्या नलिकेत साठतात. कूस बदलली की ते घरंगळतात, द्रवाला ओढतात आणि डोके स्थिर असताना ते फिरत असल्याची खोटी बातमी मेंदूकडे जाते. कण तळाला टेकले की भोवळ थांबते. लगेच पुन्हा तीच कृती केली तर ते विखुरलेले असल्याने झटका येत नाही. द्रव हलला की भोवळ येते, हे बंबाच्या तत्त्वावरून जगाला दाखवणाऱ्या माणसाला या वेळी द्रवात हलणारी वाळू दिसली नाही. लागोपाठ दुसऱ्यांदा झटका येत नाही ही खूण त्यांनीच लिहून ठेवली होती, हे अधिकच चुटपुट लावणारे आहे.

अखेरची वर्षे त्यांनी स्नायूंच्या संधिवाताच्या अभ्यासात घालवली. पक्षाघाताने अंग लुळे पडल्यावरही पुस्तकाचे काम थांबले नव्हते. ८ एप्रिल १९३६ रोजी, साठावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना उप्सालात त्यांचे निधन झाले. त्या वाढदिवसानिमित्त आंतरराष्ट्रीय परिषद भरवण्याची तयारी चालू होती.

उरलेला मार्ग इतरांनी चालला. १९५२ मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी तपासणीची ठरावीक पद्धत घालून दिली. १९६० च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड शुकनेख्त यांना मृत रुग्णांच्या कानात स्फटिकांचे कण भलत्या जागी आढळले; ते नलिकेच्या पडद्यालाच चिकटतात, असे त्यांचे म्हणणे होते. कण द्रवात मोकळे फिरतात, हे १९७९ मध्ये कॅनडात मांडले गेले. ओरेगॉनमधील डॉ. जॉन एपली यांनी त्यातून सरळ व्यवहारी निष्कर्ष काढला: कण घरंगळत आत गेले असतील, तर डोके योग्य क्रमाने वळवून ते घरंगळत बाहेर आणता येतील. १९८० मध्ये त्यांनी ही पद्धत सहव्यावसायिकांपुढे मांडली तेव्हा तिची टिंगल झाली. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसते रुग्णाला लोळवून रोग बरा होतो, हे पटणार कुणाला? त्यांचा निबंध प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडले.

आज सातारा, कऱ्हाड, सांगली वा मिरजेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्यास बहुधा पहिला प्रश्न असतो तो शब्दांचा. मराठीत या बाबतीत चांगली सोय आहे. डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे आणि भोवळ येणे वेगळे. भोवळ आणि भोवरा या शब्दांचे नातेच फिरण्याशी आहे. अंधारी असेल तर रक्तदाब, रक्तक्षय, हृदय यांचा विचार करावा लागतो. आजूबाजूचे जग फिरत असेल, तेही कूस बदलताना, वर फडताळाकडे पाहताना वा चप्पल घालायला वाकताना, आणि मिनिटाच्या आत थांबत असेल, तर रुग्णाला तपासणीच्या पलंगावर बसवून डोके एका बाजूला ४५ अंशांत वळवतात आणि झटकन उताणे निजवून डोके पलंगाच्या कडेखाली किंचित झुकवतात. काही सेकंदांत बुबुळे फिरू लागली, की बाधित कान कोणता ते कळते. मग तेथूनच डोके सावकाश दुसऱ्या बाजूला, नंतर अंगासकट कुशीवर आणि नजर जमिनीकडे, शेवटी उठून बसणे. प्रत्येक स्थितीत भोवळ शमेपर्यंत, साधारण अर्धे-पाऊण मिनिट थांबायचे. सारे मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत. बहुतेक रुग्ण एकदोन वेळच्या या कृतीनेच बरे होतात.

भोवळीच्या गोळ्या मळमळ कमी करतात, नलिकेतला कण हलवत नाहीत. हा आजार नसताना किंवा मानेचा गंभीर त्रास असताना घरच्या घरी कुणी डोके वळवण्याचा प्रयोग करू नये, हेही तितकेच खरे. भोवळीबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातापायातली शक्ती जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा उभेच राहता न येणे असे काही असेल, तर तो कानाचा मामला नसून मेंदूचा असू शकतो आणि तेव्हा वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. एरवी हा आजार नावाप्रमाणे सौम्य असतो. वय, डोक्याला लागलेला मार, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. स्त्रियांत तो अधिक. काही महिन्यांनी वा वर्षांनी कण पुन्हा सुटतात आणि एखाद्या पहाटे छत पुन्हा फिरते. त्या वेळी रुग्ण घाबरत नाही, कोणत्या कुशीवर भोवळ आली तेवढे लक्षात ठेवतो आणि दवाखाना उघडायची वाट पाहतो.